वडिलांचें नांव : रशियांत आणि रनाळ्यांत

रशियन कादंबरी वाचावयास घेणाऱ्या मराठी गृहस्थाची एक तक्रार बहुधा ठरलेली असते. पहिल्या पन्नास पानांतच माणसांची अशी गर्दी उसळते, कीं कोण कोणता हें ध्यानांत ठेवण्यासाठीं पेन्सिल घेऊनच बसावें लागतें. दोस्तोयेव्स्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीचा नायक एका पानावर रास्कोल्निकोव्ह असतो, दुसऱ्यावर रोदिओन रोमानोविच होतो, आणि आईचें पत्र आलें कीं त्यांत तो रोद्या असतो. वाचक हीं तीन निराळीं माणसें समजून चालतो आणि थोड्याच वेळांत पुस्तक मिटून ठेवतो. वास्तविक परदेशांतील सर्व वाचकांत मराठी वाचकाला ही अडचण सर्वांत कमी पडावयास हवी. कारण रशियन नांवाची आणि मराठी नांवाची बांधणी जवळजवळ एकच आहे.

नंदुरबार तालुक्यांतील रनाळे या गांवाचें उदाहरण घेतलें तरी पुरे. तेथील शाळेच्या हजेरीपटावर मुलाचें नांव चढवितांना आधीं त्याचें स्वतःचें नांव, मग वडिलांचें, आणि शेवटीं आडनांव अशी रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. मॉस्कोंतील शाळेंतही हींच तीन अंगें. कागदावर आडनांव बहुधा आधीं येतें, एवढाच फरक. इंग्रजांचें मधलें नांव आजोबांचें असेल, मामाचें असेल, किंवा नुसतें आवडलें म्हणून ठेवलेलें असेल. मराठी, गुजराती आणि रशियन माणसाला तेथें निवड करावयास जागाच नसते. बाप जो असेल, तेंच मधलें नांव.

मात्र ही सारखी बांधणी दोन समाजांनीं अगदीं उलट कामाला लावली आहे. रशियांत वडिलांचें नांव हें मान देण्याचें साधन आहे. इव्हानचा मुलगा इव्हानोविच आणि मुलगी इव्हानोव्हना. इल्याचा मुलगा इल्यिच आणि मुलगी इल्यिनिच्ना. विद्यार्थ्यानें शिक्षिकेला, रोग्यानें वैद्याला, धाकट्यानें थोरल्या सहकाऱ्याला हांक मारावयाची ती ‘मारिया इव्हानोव्हना’ अशी, बाईंचें नांव आणि बाईंच्या वडिलांचें नांव मिळून. आपल्याकडील ‘श्रीयुत’ किंवा ‘साहेब’ यांचें काम तेथें बाप करतो. मैत्री जडली कीं बाप गळून पडतो आणि इव्हानचा व्हान्या, अलेक्सांद्रचा साशा होतो. त्याबरोबर सर्वनामही बदलतें. कारण मराठींतील तूं आणि तुम्ही यांचा भेद रशियन भाषेंतही जसाच्या तसा आहे. म्हणजे रास्कोल्निकोव्हच्या तीन नांवांत गोंधळ कांहींच नाहीं. पोलिसांच्या कागदावर तो आडनांवानें ओळखला जातो, सभ्य बोलण्यांत रोदिओन रोमानोविच होतो, आणि आईच्या मायेला रोद्या पुरतो. कोण कोणत्या नांवानें हांक मारतो हें पाहिलें, कीं त्या दोघांमधील अंतर किती तें न सांगतां कळतें.

मराठींत वडिलांचें नांव कागदावर कायमचें बसलेलें, पण तोंडावर बहुधा येत नाहीं. नंदुरबारहून सन १९८१ पासून सन २०१४ पर्यंत नऊ वेळां लोकसभेवर निवडून गेलेले माणिकराव होडल्या गावित यांचें नांव मतपत्रिकेवर तिन्ही अंगांनीं छापलें जाई. परंतु भेटीस आलेला मनुष्य त्यांना ‘माणिकराव होडल्या’ म्हणेल ही कल्पनाच मराठी कानाला विचित्र वाटते. मान द्यावयाचा तो मराठी माणूस ‘राव’, ‘पंत’, ‘जी’, ‘बाई’ लावून देतो, नाहीं तर सरळ नातें जोडून देतो. खानदेशांत तर अण्णा, आबा, नाना, तात्या, बापू, आप्पा यांवांचून कोणाचें पान हालत नाहीं. रशियन माणूस समोरच्याला त्याच्या बापाचा मुलगा म्हणून मान देतो. मराठी माणूस त्यालाच आपला बाप, काका किंवा थोरला भाऊ करून टाकतो.

दोन अपवाद मोठे मौजेचे आहेत. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांना सारा महाराष्ट्र ‘पु. ल.’ म्हणतो. त्यांतील ‘ल’ म्हणजे वडील लक्ष्मणराव, हें म्हणणाऱ्याच्या मनांतही नसतें. पण बाप तेथें जिभेवर आला आहे खरा. दुसरा अपवाद अण्णा भाऊ साठे यांचा. पुष्कळांची समजूत अशी, कीं ‘अण्णा’ आणि ‘भाऊ’ हीं दोन आदराचीं उपपदें एकापुढें एक लागलीं आहेत. वस्तुतः त्यांचें मूळ नांव तुकाराम भाऊराव साठे. अण्णा हें घरगुती नांव आणि भाऊ हें वडिलांचें. स्टॅलिनग्राडचा पवाडा रचणाऱ्या आणि सन १९६१ मध्यें रशियाचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिणाऱ्या या शाहिराचें प्रचारांतील नांव योगायोगानें रशियन वळणाचेंच होतें. सन २०२२ मध्यें मॉस्कोंत त्यांचा पुतळा बसला, त्या पुतळ्याकडे पाहणाऱ्या रशियन माणसाला त्यांतील ‘भाऊ’ कोण हें समजावून सांगण्यास फारसें प्रयास पडूं नयेत.

आतां रशियन आडनांवांकडे वळावयाचें. आपल्याकडे थट्टेनें कोणालाही रशियन करावयाचें झालें, कीं त्याच्या नांवाला ‘स्की’ किंवा ‘ओव्ह’ चिकटविण्याची चाल आहे. या दोन शेपट्यांना अर्थ आहे, आणि तो मराठी माणसाला विशेष जवळचा आहे. दोस्तोयेव्स्की हें आडनांव दोस्तोयेवो या गांवावरून आलें. हें गांव आजच्या बेलारूस देशांत आहे. ‘स्की’ म्हणजे पुष्कळदां आपला ‘कर’. ‘ओव्ह’ आणि ‘इन’ हे तर सरळ षष्ठीचे प्रत्यय. इव्हानोव्ह म्हणजे इव्हानचा, कुझ्नेत्सोव्ह म्हणजे लोहाराचा, पोपोव्ह म्हणजे भटजीचा. पूर्वीं रशियन खेड्यांत अनोळखी पोराला ‘तूं कोणाचा?’ असें विचारीत आणि या प्रश्नाला जें उत्तर येई, त्याचेंच पुढें आडनांव झालें. तापीकाठच्या खानदेशांत अहिराणींत हाच प्रश्न ‘हाऊ कोना आंडोर शे?’ असा ऐकूं येतो. रनाळ्याच्या पोराला रनाळ्यांत कोणी रनाळेकर म्हणणार नाहीं, कारण तेथें सगळेच रनाळ्याचे. तें नांव गांव सोडल्यावरच लागावयाचें. गांवांत असतां माणूस बापाचा असतो आणि परगांवीं गेला कीं गांवाचा होतो.

या नियमाचें सर्वांत सुरेख उदाहरण पांचशें वर्षांपूर्वीं खुद्द महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर उतरलें होतें. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, वास्को द गामाच्याही आधीं, अफनासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौल बंदरांत आला, घांट चढून जुन्नरास गेला, आणि पुढें बहामनी राज्याची राजधानी बीदर त्यानें पाहिली. रेवदंड्यास आज त्याचें स्मारक आहे. निकितिन हें त्याचें आडनांव, असें आपण समजतों. तें आडनांव नव्हे. तो निकिता नांवाच्या गृहस्थाचा मुलगा, म्हणून निकितिन. त्वेर या नगरांतून तो आला, म्हणून रशियन बखरकारांनीं त्याला ‘त्वेरितिन’ म्हटलें आहे. अफनासी निकितिन त्वेरितिन, म्हणजे स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि त्वेरकर! चौलच्या जकातनाक्यावर एखादा मराठी कारकून बसला असता, तर त्याला हें नांव लिहून घेण्यास कांहींच अडचण नव्हती.

निकिता या नांवाची गंमत निराळीच. हिंदुस्थानांत आज निकिता म्हटलें कीं मुलगी डोळ्यांपुढें येते. सन १९५५ मध्यें हिंदुस्थानांत आलेले सोव्हिएट पुढारी निकिता सेर्गेयेविच ख्रुश्चेव्ह यांचें तेंच नांव. शेवटीं ‘आ’ आला कीं स्त्री, हा मराठी माणसाचा ठोकताळा साशा, मिशा, इल्या, निकिता या सर्व पुरुषांनीं खोटा ठरविला आहे.

निकितिनला स्वतःचें नांव फार काळ वापरतां आलें नाहीं. मुसलमानी मुलखांत वावरतांना त्यानें ‘खोजा यूसुफ खोरासानी’ असें नांव घेतलें. जुन्नरच्या असदखानाला तो मुसलमान नसल्याचें कळलें, तेव्हां खानानें त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदल, नाहीं तर घोडा विसर, असा पेंच घातला. एका खोरासानी सरदाराच्या मध्यस्थीनें तो सुटला. असा हा नांवामुळें हाल सोसलेला माणूस. पण त्याचीच वही उघडली, तर इतरांना सरसकट एकाच मापानें मोजण्याची खोड त्यालाही होती असें दिसतें. चौलास उतरतांच येथील माणसें उघडीं हिंडतात असें त्यानें लिहून टाकलें. पुढें तोंडांतून अग्नि टाकणारा पक्षी आणि वानरांचा सैन्यासह राजा हींही त्या वहींत आलीं. अर्थात् त्याच्या मागून चालणारी माणसांची गर्दी त्या गोऱ्या माणसाकडे तितक्याच नवलानें पाहत होती, हेंही त्यानेंच प्रामाणिकपणें नोंदविलें आहे. साप, साधु आणि हत्ती यांचा देश ही युरोपची हिंदुस्थानाविषयींची कल्पना, आणि बर्फ, अस्वल आणि दारूची बाटली यांचा देश ही आपली रशियाविषयींची कल्पना, या दोन्ही त्याच जातीच्या.

‘निकितिन’ आणि ‘निकितिच’ या दोहोंत जो फरक आहे, तेथें या विषयाचें खरें मर्म आहे. दोहोंचा अर्थ एकच. पण ‘इच’ किंवा ‘ओविच’ हा प्रत्यय जुन्या रशियांत वाटेल त्याला लावतां येत नसे. तो सरदारांचा हक्क होता. स्त्रोगानोव्ह या धनाढ्य व्यापारी घराण्याला तो बादशहाकडून बक्षीस म्हणून मिळाला. अठराव्या शतकांत कॅथरीन राणीच्या राज्यांत कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याचें नांव ‘ओविच’सह लिहावयाचें आणि कोणाचें त्यावांचून, याचे सरकारी नियम होते. उलट सामान्य माणूस बादशहाला अर्ज करी, तेव्हां त्याला आपलें नांव तोडून, चुरगाळून लिहावें लागे; इव्हान असला तरी ‘इव्हाश्का’ म्हणून सही करावयाची. सन १७०१ मध्यें पीटर बादशहानें ही रीत बंद करून प्रत्येकानें आपलें नांव पुरें लिहावें, असा हुकूम काढला.

मराठींत ‘इव्हाश्का’चें काम ‘या’ हा प्रत्यय करतो. मालक रामराव आणि गडी राम्या, हा हिशेब शहरांतील घरांतून अजून पुरता पुसला गेलेला नाहीं. म्हणून पुण्यामुंबईच्या कानावर होडल्या, चांद्या अशीं नांवें पडलीं, कीं कोणी तरी कोणाला तरी कमी लेखून बोलत आहे, असा भास होतो. तो भास ऐकणाऱ्याचा असतो. सातपुड्याच्या पायथ्याशीं तीं पुरीं, सरळ नांवें आहेत, तोडलेलीं नव्हेत. सन १९९८ मध्यें धुळ्यापासून निराळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, सन २०११ च्या जनगणनेप्रमाणें, शंभरांत एकोणसत्तर माणसें अनुसूचित जमातींचीं आहेत. म्हणजे तेथें तीं नांवें विरळा नसून बहुमतांतलीं आहेत. महाराष्ट्राचे आदिवासी विकासमंत्री झालेले के. सी. पाडवी यांचें पुरें नांव कागडा चांद्या पाडवी. त्यांचे चिरंजीव सन २०२४ मध्यें लोकसभेवर निवडून आले, ते गोवाल कागडा पाडवी. हीं दोन नांवें शेजारीं ठेवलीं, कीं चांद्या, कागडा, गोवाल अशी तीन पिढ्यांची वंशावळ हातीं येते. रशियन वाचकाला ती क्षणांत उलगडेल. शहरी मराठी वाचक मात्र ‘या’पाशींच अडखळतो.

आडनांवांचीही तीच कथा. पाडवी, वळवी, वसावे, गावित हीं कुळांचीं नांवें. पावरा, तडवी हीं जमातींचीं नांवेंच आडनांवाच्या जागीं बसलेलीं आहेत. खानदेशांत कित्येकांच्या कागदावर तर आडनांव म्हणून नुसतें ‘भिल’ असतें. लिहिणाऱ्याला त्या माणसाचें कूळ विचारावेंसें वाटलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ निघूं शकतो. अशा आडनांवाचा विद्यार्थी शिकावयास मोठ्या शहरांत गेला, कीं त्याच्या मागें त्याच्याविषयींच्या समजुती त्याच्याआधींच पोंचलेल्या असतात: हा नाचणारा असेल, लाजाळू असेल, गणितांत कच्चा असेल, जागा सवलतीनें मिळालेली असेल. मुलानें तोंड उघडण्यापूर्वीं त्याचें आडनांव बोलून मोकळें झालेलें असतें. नांवांतील या सत्तेची जाण सर्वांत अधिक कोणाला असेल, तर ती भीमराव रामजी आंबेडकर यांना. सकपाळ हें त्यांच्या घराण्याचें आडनांव. रत्नागिरी जिल्ह्यांतील आंबडवे या गांवावरून शाळेच्या दप्तरांत जें आलें, त्याचें पुढें आंबेडकर झालें, आणि त्याच नांवाला पुढें असें तेज चढलें कीं आज त्याचें मूळ गांव कोणी शोधीत बसत नाहीं. तंट्या भिल्लाचेंही पाहण्यासारखें आहे. सन १८८९ मध्यें त्याला फांशीं दिलें, तेव्हां सरकारच्या लेखीं तो दरोडेखोर होता. लोकांनीं त्याला मान दिला, तो नांवांतील ‘या’ काढून नव्हे, तर पुढें ‘मामा’ जोडून. तंट्यामामा! सरकारी कागदानें जें नांव खालीं ओढलें, तें नात्यानें वर उचललें.

स्त्रियांच्या बाबतींत मात्र दोन्ही देशांच्या वाटा अगदींच वेगळ्या होतात, आणि येथें रशियन रीत अधिक न्यायाची आहे असें म्हणणें प्राप्त आहे. रशियन स्त्री लग्नानंतर नवऱ्याचें आडनांव बहुधा घेते, आणि तें स्त्रीलिंगी करून घेते. करेनिन याची पत्नी ती करेनिना. परंतु तिचें मधलें नांव कोणी हलवीत नाहीं. तोल्स्तोयची ॲना ही अर्काद्येव्हना, म्हणजे अर्कादीची मुलगी. लग्नापूर्वीं, लग्नानंतर आणि शेवटपर्यंत. मराठी स्त्रीच्या नांवांतून लग्नाच्या दिवशीं बाप उठतो आणि त्या जागेवर नवरा येऊन बसतो. पुष्कळदां तांदळांत अंगठीनें नवें नांव लिहून तिचें स्वतःचें नांवही बदललें जाई. पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या बाबतींत तर हें विलक्षणच घडलें. माहेरीं त्या यमुना गणपतराव जोशी होत्या. सासरीं आनंदी गोपाळ जोशी झाल्या. सन १८८६ मध्यें फिलाडेल्फियास पदवी मिळविणाऱ्या या विदुषीचें जन्मापासूनचें एकच अंग तेवढें टिकलें, आणि तेंही माहेरचें आणि सासरचें आडनांव योगायोगानें एकच होतें म्हणून.

यांतील विसंगति अशी, कीं जो नवरा बायकोच्या नांवांत कायमचा शिरला, त्याचें नांव तिनें उच्चारावयाचें नाहीं. उखाण्याच्या आडून वर्षांतून दोन वेळां तें ओठांवर येई, आणि तेंही सभोंवार बायका हंसत असतांना. रशियन बाई वडिलांचें नांव रोज शंभर तोंडांतून ऐकते. मराठी बाई नवऱ्याचें नांव रोज कागदावर वागविते आणि तोंडानें म्हणत नाहीं. आजही एखादी मराठी विवाहिता रशियन अर्ज भरावयास बसली आणि वडिलांच्या नांवाच्या रकान्यांत सवयीनें नवऱ्याचें नांव लिहून गेली, तर तो अर्ज वाचणारा रशियन कारकून तिला स्वतःच्या नवऱ्याची मुलगी समजेल. त्यांत त्याची चूक कांहीं नाहीं.

मुलीला नांव देतांनाच तिचा निकाल लावणारी रीतही आपल्याकडे होती. दृष्ट लागूं नये, मूल जगावें, म्हणून दगडू, धोंडू, केरू अशीं नांवें ठेवीत. जुन्या रशियांतही याच भीतीनें पोराला नेक्रास, म्हणजे कुरूप, म्हणत, आणि नेक्रासोव्ह हें आडनांव त्यांतूनच निघालें. तेथवर माया आहे. परंतु ‘नकोशी’ या नांवांत ती नाहीं. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, एवढेंच तें नांव जन्मभर सांगत राहतें. सन २०११ मध्यें सातारा जिल्ह्यांत अशा अडीचशेंहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं.

महाराष्ट्र शासनानें सन २०२४ मध्यें नांवाच्या या जुन्या बांधणींतच हात घातला. १ मे २०२४ रोजीं आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाचें नांव शासकीय कागदांत आतां चार अंगांनीं लिहावयाचें: मुलाचें, मग आईचें, मग वडिलांचें, आणि शेवटीं आडनांव. विवाहित स्त्रीच्या नांवांत नवऱ्याचें नांव लिहिण्याची चालू पद्धत मात्र तशीच ठेवली आहे. म्हणजे आई मुलाच्या नांवांत आली, तिचे वडील तिच्या स्वतःच्या नांवांत परतले नाहींत. रनाळ्यांत त्या तारखेनंतर जन्मलेलीं मुलें थोड्याच वर्षांत शाळेच्या हजेरीपटावर चढतील, तेव्हां गुरुजींना रकाना रुंद करावा लागेल; आणि त्यांतलें एखादें मोठेपणीं वैद्यकी शिकावयास रशियांत गेलें, तर अर्जावरील तीन रकान्यांत आईचें नांव कोठें बसवावयाचें, हें त्याला तेथील कारकुनाबरोबर बसून ठरवावें लागेल.